रक्तप्रवाहातील रोध : एका कल्पनेचा इतिहास आणि नागपूरचे संशोधन

शरीरात रक्त वाहते, हे ज्ञान जुने आहे. परंतु वाहणाऱ्या रक्ताला विरोध कोठे होतो, किती होतो आणि कशामुळे होतो, हा प्रश्न त्या मानाने अर्वाचीन होय. चरकसंहितेत स्रोतसांच्या दुष्टीचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘संग’, म्हणजे अडकून राहणे, याचा समावेश आहे, आणि स्रोतोरोध ही कल्पना आपल्या वैद्यकपरंपरेत दीर्घकाळ रूढ आहे. मात्र तेथे रोध म्हणजे व्याधीचे एक लक्षण अथवा कारण. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानात रोध ही मोजता येणारी राशी असून ती निरोगी शरीरातही सदैव विद्यमान असते. दोन्ही कल्पनांना एकच शब्द लागू पडतो, एवढ्यावरून त्या एकच आहेत असे मानणे इतिहासदृष्ट्या अयोग्य ठरेल.

या राशीच्या इतिहासाचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात रोधाचे स्थान नळीत, म्हणजे रक्तवाहिनीत शोधले गेले. दुसऱ्यात ते वाहणाऱ्या द्रवात आढळले. तिसऱ्यात त्या द्रवातील एका रेणूपर्यंत त्याचा माग काढण्यात आला. यांपैकी अखेरच्या टप्प्याशी नागपूरचा संबंध निकटचा आहे. सिकल सेल या रक्तविकाराविषयी मध्य भारतातून जे आरंभीचे संशोधन प्रसिद्ध झाले ते १९५८ साली नागपूरहून झाले, आणि पुढील सहा दशकांत या व्याधीच्या स्वरूपाविषयी जो महत्त्वाचा मतभेद निर्माण झाला त्याच्या निरसनातही नागपूरचा वाटा आहे. प्रस्तुत निबंधात या दोन इतिहासांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे.

१. नळीतील रोध

विल्यम हार्वे याने १६२८ साली रुधिराभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा रोहिणीतून नीलेत रक्त कोणत्या मार्गाने जाते हे त्याला दाखविता आले नव्हते. मार्चेल्लो माल्पीगी याने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि ही उणीव भरून निघाली. तथापि मार्ग सापडणे वेगळे आणि त्या मार्गातील अडथळ्याचे मापन करणे वेगळे. मापनाचा पहिला धाडसी प्रयत्न स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने केला. त्याने घोडीच्या रोहिणीत नळी बसवून तिला उंच काचनळी जोडली. तीत रक्त ८ फूट ३ इंचांपर्यंत चढले. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात याहूनही सूचक असा दुसरा प्रयोग आहे. मृत प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतून निरनिराळे द्रव ठराविक दाबाने सोडून ते वाहून जाण्यास किती काळ लागतो हे त्याने मोजले. ऊन पाण्यापेक्षा थंड पाण्याला अधिक वेळ लागतो, असे त्याला दिसून आले. दाब तोच, वाहिन्या त्याच, परंतु प्रवाह भिन्न. रोधाचा प्रश्न याच ठिकाणी प्रथम स्पष्ट स्वरूपात उभा राहिला.

त्याला गणिती रूप देण्याचे श्रेय झां लेओनार मारी प्वाझय या पॅरिसच्या वैद्याकडे जाते. १८२८ साली त्याने पाऱ्याच्या दाबमापकाने रोहिण्यांतील रक्तदाब मोजला, आणि हृदयाजवळील मोठ्या रोहिणीत व दूरच्या लहान रोहिणीत दाब जवळजवळ सारखाच असतो असे त्यास आढळले. या निरीक्षणातून एक अनुमान अपरिहार्यपणे निघते. नीलांतील दाब अत्यल्प असतो हे ठाऊक होते. मोठ्या रोहिण्यांत तो फारसा घटत नसेल, तर घट त्यांच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांत होत असली पाहिजे. म्हणून प्वाझयने आपले लक्ष अत्यंत बारीक नळ्यांकडे वळविले. काचेच्या केशनलिकांतून पाणी वाहवून त्याने जे प्रयोग केले त्यांचे फलित १८४० नंतर प्रसिद्ध झाले : ठराविक दाबाखाली वाहणारा प्रवाह नळीच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. गोटहिल्फ हागेन या जर्मन अभियंत्याने १८३९ साली स्वतंत्रपणे याच निष्कर्षाच्या जवळ जाणारे प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यामुळे या नियमाला दोघांचेही नाव दिले जाते.

चतुर्थ घाताचा अर्थ किती दूरगामी आहे हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. वाहिनीचा व्यास एकदशांशाने आकुंचित झाला तर रोध सुमारे दीडपट होतो. एकपंचमांशाने झाला तर जवळजवळ अडीचपट, आणि व्यास निम्मा झाला तर सोळापट. म्हणूनच स्नायुमय भित्ती असलेल्या सूक्ष्म रोहिण्या किंचित आकुंचन-प्रसरण पावून एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा मोठ्या प्रमाणात बदलू शकतात. महारोहिणीत सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पारा असलेला दाब या सूक्ष्म रोहिण्या ओलांडून केशवाहिन्यांत शिरेपर्यंत ३० ते ३५ मिलिमीटरपर्यंत उतरतो. रोधाचा सर्वांत मोठा वाटा या अल्प अंतरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मज्जातंतूंच्या द्वारा वाहिन्यांचे नियंत्रण कसे होते याचे ज्ञान झाल्यावर, रोध म्हणजे मुख्यतः वाहिनीच्या व्यासाचा प्रश्न, ही समजूत दृढ झाली.

२. द्रवातील रोध

प्वाझयच्या नियमात व्यासाखेरीज आणखी एक पद आहे. ते द्रवाच्या श्यानतेचे, म्हणजे त्याच्या थरांमधील अंतर्गत घर्षणाचे होय. प्वाझयने आपले प्रयोग मुख्यत्वे पाण्यावर केले, आणि पाण्याची श्यानता विशिष्ट तापमानाला स्थिर असते. रक्ताचे तसे नाही. रक्त हा एकजिनसी द्रव नसून त्याच्या आकारमानाचा सुमारे ४० ते ४५ टक्के भाग पेशींनी व्यापलेला असतो. रॉबिन फोरेउस आणि टॉर्स्टन लिंडक्विस्ट या दोन स्वीडिश संशोधकांनी १९३१ साली दाखवून दिले की, नळीचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटरहून कमी झाला म्हणजे रक्ताची भासमान श्यानता कमी होऊ लागते. पेशी नळीच्या मध्यभागी सरकतात आणि कडेला पेशीविरहित रसाचा पातळ थर राहतो, हे त्याचे एक कारण होय. ज्या सूक्ष्म वाहिन्यांत रोध सर्वाधिक, तेथेच रक्त अधिक सुलभतेने वाहावे अशी ही योजना आहे.

या योजनेला एक अट मात्र आहे. लाल पेशीचा व्यास सुमारे साडेसात मायक्रॉन असून अनेक केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात. त्यांतून जाताना पेशीला वाकावे, लांबावे, घडी पडल्यासारखे व्हावे लागते. पेशीची ही लवचिकता हा रक्तप्रवाहाचा आधार आहे. ती नष्ट झाली तर वाहिनीचा व्यास आणि हृदयाचा जोर पूर्ववत असूनही प्रवाह खुंटेल. असे खरोखर घडते, हे सिकल सेल व्याधीने सिद्ध केले.

शिकागो येथील वैद्य जेम्स हेरिक याने १९१० साली एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींचे वर्णन केले. १९२७ साली हान आणि गिलेस्पी यांनी प्राणवायूचा अभाव झाला असता पेशींना हा आकार येतो असे दाखविले. १९४० साली हॅम आणि कॅसल यांनी या दोन गोष्टी प्रवाहाशी जोडल्या. प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारख्या व ताठर होतात, त्यामुळे रक्ताची श्यानता वाढते, श्यानता वाढली की प्रवाह मंदावतो, प्रवाह मंदावला की पेशींतील प्राणवायू आणखी कमी होतो, आणि त्यायोगे आणखी पेशी ताठर होतात. रोध स्वतःच रोधाला जन्म देतो असे हे दुष्टचक्र होय. नळीच्या भौतिकीत याला तोड नाही, कारण पाणी हळू वाहिले म्हणून घट्ट होत नाही.

१९४९ साली लायनस पाउलिंग, हार्वे इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी विद्युत्संचरणाच्या पद्धतीने या रुग्णांचे हिमोग्लोबिन सामान्य हिमोग्लोबिनहून भिन्न असल्याचे सिद्ध केले, आणि रेणूच्या पातळीवर ज्याचे कारण सापडले असा हा पहिला रोग ठरला. व्हर्नन इंग्रॅम याने १९५६-५७ मध्ये हा फरक एका ॲमिनो आम्लाच्या अदलाबदलीपुरता मर्यादित असल्याचे दाखविले. पुढे १९७४ साली हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी या प्रकरणातील गणित स्पष्ट केले. प्राणवायू सुटल्यानंतर या हिमोग्लोबिनचे तंतू बनण्यास काही विलंब लागतो, आणि हा विलंबकाल हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे तिसाव्या घातानुसार बदलतो. केशवाहिनी ओलांडण्यास पेशीला लागणाऱ्या अवधीहून हा विलंब अधिक असेल तर पेशी सुखरूप पार पडते, कमी असेल तर ती वाटेतच ताठर होते. प्वाझयचा चतुर्थ घात व्यासाविषयी जे सांगतो तेच, परंतु कितीतरी अधिक तीव्रतेने, हा घात संहतीविषयी सांगतो. शरीरातील पाणी कमी होऊन पेशीतील हिमोग्लोबिन किंचित दाट झाले तरी परिणाम भयंकर होऊ शकतो. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात या रुग्णांना वारंवार पाणी पिण्यास का बजावले जाते, याचे शास्त्रीय स्पष्टीकरण येथे मिळते.

३. नागपूरचा प्रवेश

भारतात सिकल सेलचा आढळ १९५२ साली प्रथम नोंदला गेला. लेमान आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये, आणि डनलॉप व मझुमदार यांनी आसामातील चहामळ्यांवर इतर प्रांतांतून आलेल्या मजुरांमध्ये तो दाखविला. त्या काळापर्यंत ही व्याधी आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरती मर्यादित आहे अशी सर्वसाधारण समजूत होती.

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली होती आणि नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ तत्कालीन मुंबई राज्यात समाविष्ट झाल्यावर दोनच वर्षांनी, १९५८ साली, आर. एन. शुक्ल आणि बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकल सेल लक्षणाविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी ए. एस. परांडे यांच्यासह त्यांचा भारतातील सिकल सेल व्याधीविषयीचा लेख ‘ब्लड’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या दोन लेखांच्या विषयांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिला ‘लक्षणा’विषयी, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेल्या वाहकांविषयी आहे. दुसरा ‘व्याधी’विषयी. वाहकाच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण सामान्यतः ३५ ते ४० टक्के असते, आणि उर्वरित सामान्य हिमोग्लोबिनमुळे नेहमीच्या परिस्थितीत त्याचा प्रवाह अबाधित राहतो. दोन्हीकडून सदोष जनुक मिळालेल्या व्यक्तीत ते संरक्षण नसते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता एकचतुर्थांश आणि वाहक असण्याची निम्मी असते. लक्षण हा लोकसमूहाच्या अभ्यासाचा विषय होय, तर व्याधी हा रुग्णशय्येचा.

त्या काळी तपासणीची रूढ पद्धत साधी होती. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण मिसळून वर काच बसवावयाची आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे. प्राणवायू निघून गेल्यावर सिकल हिमोग्लोबिन असलेल्या पेशी विळ्याचा आकार घेतात. स्वस्त आणि कोठेही करता येण्याजोग्या या कसोटीनेच मोठ्या प्रमाणावर पाहणी शक्य झाली. परंतु तिला मर्यादा होती. वाहकाच्या आणि रुग्णाच्या पेशी काचपट्टीवर सारख्याच विळ्यासारख्या दिसतात. भेद करण्यास विद्युत्संचरण लागते. काचेवरचा थेंब वाहत नाही, म्हणून तेथे आकार दिसतो, रोध दिसत नाही.

या मर्यादेचा सामाजिक परिणामही झाला. काचपट्टीवर ‘दोष’ दिसला म्हणजे माणूस आजारी, असा समज पसरणे सोपे होते, आणि निरोगी वाहकाच्या माथी रोग्याचा शिक्का बसला. शिवाय आरंभीच्या काळात भारतातील पाहण्या बहुधा जातिजमातवार होत. ज्या समूहाची तपासणी झाली त्याचेच नाव अहवालात आले, आणि वाचकाने ते त्या समूहाचे वैशिष्ट्य मानले. वस्तुतः विदर्भात हे जनुक आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाज अशा अनेक समूहांत आढळून आले आहे. जातीच्या नावाखाली केलेली नोंद आणि जातीमुळे झालेली व्याधी यांत महदंतर आहे. समूहात लग्ने आपसांत होत राहिल्याने जनुकाची वारंवारता टिकते, हे खरे. परंतु जनुक जात पाहून उत्पन्न होत नाही. त्याच्या प्रसाराचे मूळ कारण हिवताप होय. वाहकांना हिवतापाच्या तीव्र प्रकारापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन याने १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले होते.

४. ‘सौम्य’ व्याधीचा वाद

१९८६ साली दोन महत्त्वाचे लेख प्रसिद्ध झाले. कुलोझिक व त्याच्या सहकाऱ्यांनी जनुकाभोवतीच्या गुणसूत्ररचनेची तुलना करून आशियातील सिकल जनुकाचा उगम आफ्रिकेतील उगमांहून स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. ही रचना पुढे ‘अरब-भारतीय’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दुसऱ्या लेखात ओडिशातील रुग्णांची जमेकातील रुग्णांशी तुलना होती. ओडिशातील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे, म्हणजे एफ हिमोग्लोबिनचे, प्रमाण अधिक आढळले. हे हिमोग्लोबिन सिकल हिमोग्लोबिनच्या तंतूंत सामील होत नाही, म्हणून ते जितके अधिक तितका तंतूंचा विलंबकाल अधिक आणि रोध कमी. यावरून भारतातील सिकल सेल व्याधी आफ्रिकेतील व्याधीपेक्षा सौम्य असते, हे मत दृढ होत गेले.

युक्तिवाद सुसंगत होता, परंतु एका प्रांतातील निरीक्षणाला संपूर्ण देशाचे स्वरूप देण्यात तर्कदोष होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांच्या अनुभवाशी हे मत जुळेना. तीव्र वेदनांचे झटके, वारंवार रक्त देण्याची गरज, जंतुसंसर्ग आणि पुनःपुन्हा रुग्णालयात भरती, असे चित्र तेथील अनेक मुलांत दिसत होते, आणि त्यांचीही गुणसूत्ररचना अरब-भारतीयच होती. यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो योग्यही आहे : रुग्णालयात तीव्र आजाराचीच मुले येतात, तेव्हा रुग्णालयातील नोंदींवरून व्याधी तीव्र ठरणारच. उलट, प्रौढांच्या पाहणीवरून ती सौम्य ठरते, कारण तीव्र रुग्ण बालपणीच दगावलेले असतात आणि ते पाहणीत सापडत नाहीत. दोन्ही पद्धती परस्परविरुद्ध दिशांनी दिशाभूल करतात.

या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच होता : मुलांना जन्मतःच ओळखणे, आणि त्यांचा आजार तीव्र होवो वा सौम्य, सर्वांचा पाठपुरावा करणे. नागपूर येथे हे काम झाले. गरोदर स्त्रियांची प्रथम तपासणी करून, ज्यांच्यात सिकल हिमोग्लोबिन आढळले त्यांच्या नवजात बालकांचे रक्त अधिक सूक्ष्म पद्धतीने तपासण्यात आले, आणि रुग्ण ठरलेल्या मुलांवर पुढे लक्ष ठेवण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्याधीचे स्वरूप मुलागणिक भिन्न आढळले. काहींत ती सौम्य होती, तर काहींत निःसंशय गंभीर. एफ हिमोग्लोबिन संरक्षक आहे हे सत्य अबाधित राहिले, परंतु ‘भारतीय व्याधी सौम्य’ हे सामान्य विधान टिकले नाही.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. व्याधी सौम्य मानली की उपचारांची निकड उरत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध एफ हिमोग्लोबिन वाढवून वेदनांचे झटके कमी करते, हे १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने सिद्ध झाले होते. ज्यांचे एफ हिमोग्लोबिन मुळातच अधिक आहे अशा मुलांना त्याचा लाभ होईल काय, ही शंका रास्त होती. नागपूरच्या संशोधकांनी तीव्र आजार असलेल्या ६० मुलांवर चाचणी घेतली. निम्म्यांना वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज १० मिलिग्रॅम अशी अल्प व स्थिर मात्रा देण्यात आली आणि उर्वरितांना औषधविरहित गोळी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्या मुलांतील झटके आणि रक्त देण्याची गरज लक्षणीयरीत्या घटली. अल्प मात्रेचे महत्त्व असे की, मात्रा वाढवीत नेण्याच्या पद्धतीत वारंवार रक्ततपासणी करावी लागते, आणि खेड्यातून येणाऱ्या कुटुंबाला ती परवडत नाही.

येथे रोधाच्या मूळ गणिताची पुन्हा आठवण होते. रक्तक्षयी मुलाला रक्त दिल्याने लाभ होतो, परंतु त्यालाही मर्यादा आहे. रक्तक्षयामुळे पेशींचे प्रमाण कमी असते, आणि त्यामुळे श्यानता काही अंशी खाली राहते. हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर वाढविले तर प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढते खरी, परंतु श्यानता त्याहून झपाट्याने वाढून प्रवाहच मंदावतो. म्हणून साध्या रक्तदानाने हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या फारसे वर नेऊ नये, असा दंडक पाळला जातो.

५. समारोप

सिकल सेल व्याधीचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांविषयीच्या कायद्यात करण्यात आला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला, आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांच्या तपासणीचे व २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. एवढ्या व्यापक तपासणीत सर्वाधिक संख्येने जे सापडतील ते रुग्ण नव्हेत, तर निरोगी वाहक होत. १९५८ साली नागपूरहून प्रसिद्ध झालेल्या दोन लेखांच्या विषयांत जो भेद होता, तो या वेळी लाखो कुटुंबांना समजावून द्यावा लागणार आहे. तो समजावून न देता हाती दिलेला अहवाल ज्ञान देण्याऐवजी मुलीच्या लग्नात अडसर ठरेल.

रोधाच्या कल्पनेच्या इतिहासातून निघणारा बोध पद्धतीविषयीचा आहे. प्वाझयने मोठ्या रोहिण्यांत दाब घटत नाही हे पाहिले आणि न दिसणाऱ्या ठिकाणी कारण शोधले. हॅम व कॅसल यांनी नळी सोडून द्रवाकडे पाहिले. नागपूरच्या वैद्यांनी रुग्णालयात न पोहोचलेल्या आणि बालपणीच दगावलेल्या मुलांचा हिशेब मांडल्यावाचून व्याधीला सौम्य वा तीव्र म्हणण्याचे नाकारले. तिन्ही ठिकाणी प्रगती झाली ती, जेथे मोजणे सोयीचे होते ते स्थान सोडून जेथे कारण असण्याचा संभव होता तेथे मापन केल्यामुळे. विदर्भात आज जन्मणाऱ्या रुग्ण बालकाच्या दृष्टीने या पद्धतीचा अर्थ अगदी साधा आहे : त्याच्या रक्ताची परीक्षा पहिल्या वेदनेपूर्वी व्हावी, नंतर नव्हे.